मोकळं म्हणेपर्यंत

१

बाबांच्या स्टुडिओत चालू-बंद करण्याचा एक क्रम होता आणि तो चुकवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. आधी टेबल, मग टेपचं मशीन, सगळ्यात शेवटी स्पीकर. बंद करताना बरोबर उलटं. ‘टेबल’ म्हणजे मिक्सिंगचा कन्सोल. सोळा चॅनलचा, माणूस पाय पसरून झोपेल एवढा लांब, आणि वजनाला असा की घरात आणताना दाराची चौकट काढावी लागली होती. पण घरात त्याला टेबलच म्हणत. नव्या पाहुण्यांना वाटायचं, या घरात जेवायच्या टेबलाचं भलतंच कौतुक दिसतंय.

एकतीस वर्षांनी थोरल्या मुलीने, ताईने, त्या टेबलावरची चादर काढली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. चादर आईची, निळ्या फुलांची. तिच्या घड्यांवर धूळ बसून फुलं पार करडी झाली होती. ताईला एकदम भरून आलं. ती स्वतः आता चोपन्न वर्षांची होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या स्टुडिओत साउंड रेकॉर्डिस्ट म्हणून नोकरीला होती, आणि तिथे सगळं काम कॉम्प्युटरवर चालायचं. उंदीर हलवायचा, रेघ ओढायची, झालं. सरकत्या फेडरवर बोट ठेवून आवाज हाताने वर आणायला तिला कितीतरी वर्षं मिळालं नव्हतं.

घर वर आणि स्टुडिओ खाली, मध्ये लाकडी जिना. वर आई अंथरुणावर होती. दीड महिना ती बोललेली नव्हती, धड खात नव्हती. डोळे उघडे, ओठ किंचित विलग, आणि मध्येच श्वास रोखून धरायची. एवढा वेळ, की बघणाऱ्याचाच जीव गुदमरावा. डॉक्टरांनी सगळं तपासून हात टेकले होते. "छातीत तसं काही नाही," ते म्हणाले होते. "त्या श्वास धरून ठेवतायत. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही."

शेजारच्या काकूंना मात्र सांगता येत होतं. त्यांनी दारातूनच सांगून टाकलं, "जीव कशात तरी अडकलाय गं त्यांचा."

मग एकेक नातेवाईक येऊन आईच्या कानात सांगून गेला, की आमचं छान चाललंय, काळजी करू नका. आई कुणासाठी हलली नाही. शेवटी धाकटी बहीण, जी शाळेत भूगोल शिकवायची आणि जिला कुठल्याही प्रश्नाला उत्तर असतंच अशी खात्री होती, म्हणाली, "ताई, तुझं ते खालचं धूड एकदा चालू कर. आईचं शेवटचं गाणं आहे ना त्या टेपवर? ते मोबाइलवर उतरवून तिला ऐकवू. तिची सुटका तरी होईल नाहीतर ती उठून तरी बसेल. हे मधलंच नको आता."

ताईलाही दुसरं काही सुचत नव्हतं. टेपचा आवाज टेबलातून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे, तेव्हा टेबल जागं करणं आलं.

२

तीन दिवस ती खाली खपत होती. वीजपुरवठ्याचा डबा उघडून त्यातले फुगलेले भाग बदलले. सोळा फेडर एकेक करून स्पिरिटने पुसले. केबलींचं जंजाळ सोडवलं, प्रत्येक पिन घासून चकचकीत केली. फेडरखाली बाबा पांढऱ्या चिकटपट्टीची एक लांब पट्टी लावायचे आणि कुठल्या चॅनलला कोण आहे ते तिच्यावर पेन्सिलीने लिहायचे. शेवटच्या दिवशीची पट्टी अजून तशीच होती, पण तिच्यावरचं अक्षर ताईचं होतं. व्हायोलिन, व्हायोलिन, गिटार, पियानो आणि नवावर फक्त ‘आई’. बाबा असते तर त्यांनी ‘गायिका’ लिहिलं असतं. त्या पट्टीला हात लावायचं ताईच्या जिवावर आलं. तिने ती ठेवली.

चौथ्या दिवशी दुपारी टेबल लागलं. मीटरमधले पिवळे दिवे एकामागून एक उजळले, गरम धुळीचा आणि जुन्या बॅकेलाइटचा वास आला, आणि ताई खुर्चीत बसून लहान मुलीसारखी हसली. तिने एकेक चॅनल वर घेतला. रिकाम्या चॅनलची सळसळ सगळीकडे सारखी होती. नवाला मात्र माइक जोडलेला होता. काचेपलीकडच्या खोलीत तो त्याच्या स्टँडवर एकतीस वर्षं उभा होता. समोर आईचं लाकडी स्टूल, स्टँडच्या आकड्यावर आईचा हेडफोन.

नववा चॅनल वर घेतल्यावर खोली ऐकू आली. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, हे या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. खिडकीपलीकडची चिमणी, वर आईच्या खोलीतल्या मशीनची घरघर, आणि बाकी नुसती हवा. ताई खूश झाली. मग सवयीने तिने खोलीतला लाल दिवा लावला. रेकॉर्डिंग सुरू असल्याची ती खूण.

खोली गप्प झाली.

चॅनलची सळसळ होती, पण हवा नव्हती. ताईने दिवा बंद केला, तशी हवा परत आली. पुन्हा लावला, पुन्हा गेली. केबल तुटली की शांतता येते, ती तिने आयुष्यभर ऐकली होती. ती मेलेली असते. ही तशी नव्हती. कुणीतरी गप्प बसल्यावर होते तशी होती.

ताईने तर्क सोडला नाही. केबल बदलली. माइक चौथ्या चॅनलला लावला, तर शांतता माइकबरोबर चौथ्यावर आली. दुसरा माइक आणून ठेवला, तरी तेच. दिव्याची आणि माइकची अर्थिंग एकत्र झाली असेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि कागदावर तसं लिहूनही ठेवलं. लिहिताना तिला आपलाच हात खोटं बोलतोय असं वाटलं.

३

बाबांचा एक नियम होता. गाणं संपलं म्हणजे रेकॉर्डिंग संपलं नाही. शेवटचा सूर हवेत विरेपर्यंत वाजवणाऱ्यांनी, गाणाऱ्यांनी, कुणीही हलायचं नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. सूर पूर्ण गेला की बाबा टॉकबॅकचं बटण दाबायचे, म्हणजे त्यांचा आवाज आतल्या हेडफोनमध्ये जायचा, आणि ते हलकेच म्हणायचे, "मोकळं." मग खोकले, हशा, खुर्च्यांची सरकासरकी. "दिवा गेला तरी हलायचं नाही," ते बजावायचे. "दिवा काय, उडूही शकतो. शब्द ऐकायचा."

हा नियम जिना चढून घरातही आला होता. जेवताना सगळ्यांची ताटं स्वच्छ होईपर्यंत पोरींनी उठायचं नाही. बाबा एकेक ताट बघायचे, मुद्दाम वेळ लावायचे, आणि मग म्हणायचे, "मोकळं." धाकटी तेव्हा अशी पळायची की पाट उलटा व्हायचा. आई म्हणायची, "अहो, पोरींना काय वादक समजलात?"

आणि स्टूल. ते स्टूल म्हणजे स्टुडिओतला चालता-बोलता विनोद होता. त्याच्यावर बसलं असताना ते गप्प असायचं, पण उठताना असं कुरकुरायचं की गेटवरच्या माणसाला कळावं. बाबांनी त्याला तेल पाजलं, खिळे ठोकले, बदलायचंही काढलं. आईने बदलू दिलं नाही. म्हणायची, "त्याला माझी सवय झालीये." उठताना त्याने आवाज केला नाही असं एकदाही झालं नाही.

गाणं झालं की आई काचेकडे बघून विचारायची, "कसं झालं हो?" आणि पुढे नेहमी तेच, "की अजून एक घेऊ या?" बाबा क्वचित म्हणायचे, अजून एक. बहुतेक वेळा म्हणायचे, "हेच ठेवू."

त्या शेवटच्या दिवशी बाबा हॉस्पिटलमध्ये होते. छोटंसं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी. रेकॉर्डिंग पुढे ढकलू या, असं आई म्हणत होती, तर बाबाच तिच्यावर रागावले. "ताई आहे ना," ते म्हणाले. तेवीस वर्षांची ताई पहिल्यांदा एकटी टेबलावर बसली. वादकांचं वाजवणं सकाळीच टिपून झालं होतं, ते गेलेही होते. दुपारी आत फक्त आई. तिने गायलं ते ताईने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. शेवटचा सूर विरत गेला, मीटरचा काटा खाली टेकला, ताईचं बोट टॉकबॅकच्या बटणावर गेलं. आणि फोनचा दिवा लुकलुकला.

फोनवर काका होते. ते म्हणाले, "ताई, बाबा गेले गं."

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवत होतं. खुर्ची पडली, दार उघडलं, ती अंगणात धावली. कुणीतरी तिला धरलं. थोड्याच वेळात आई तिच्या शेजारी उभी होती. ती कधी आली, कशी आली, ताईने पाहिलं नाही. खालचा लाल दिवा संध्याकाळपर्यंत जळत होता, मग शेजाऱ्यांनी मेन स्विच पाडला.

त्यानंतर आई जगली, स्वयंपाक केला, पोरींची लग्नं केली. पण ती गायली नाही, गुणगुणलीही नाही. मोजकं बोलायची. मावशी एकदा रागाने म्हणाली होती, "तुमची आई त्या खोलीतून पुरती बाहेर आलीच नाही." सगळ्यांनी ते नुसती बोलायची पद्धत म्हणून ऐकलं.

४

टेपचा डबा कपाटात सगळ्यात खाली होता. झाकणावर ताईच्याच अक्षरात तारीख आणि गाण्याची पहिली ओळ. ‘निकाल’ हा रकाना कोरा.

तिने टेप चढवली आणि फक्त नववा चॅनल वर घेतला. आईचा सत्तेचाळीस वर्षांचा आवाज स्पीकरमधून आला, आणि ताईने दोन्ही हात मांडीवर ठेवून तो ऐकला. डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही. किती सोपं गायची आई! दोन ओळींच्या मध्ये घेतलेला तो छोटा श्वास, हसू आवरल्यासारखा. शेवटचा सूर लांबला, बारीक झाला, गेला.

टेप फिरतच राहिली. तेव्हा ती थांबवायला कुणी नव्हतंच. ताई ऐकत राहिली. दाराचा जड आवाज दूरवर उमटला, ते दार तिने स्वतःच उघडलं होतं. मग काही नाही. मिनिट गेलं, दोन गेली. आता स्टूल कुरकुरणार, असं मनात म्हणत ती वाट बघत होती. आई उठली होती ना? अंगणात आली होती ना?

तेरा मिनिटांनी टेपचं टोक सुटून रिळावर फटफटू लागलं.

स्टूल वाजलं नव्हतं. हेडफोन आकड्यावर अडकवल्याचा आवाज नव्हता, पाऊल नव्हतं, आतलं दार नव्हतं. ताईने रीळ मागे नेऊन पुन्हा लावलं, आवाज पार वर चढवून. टेपच्या सळसळीखाली काहीच नव्हतं, आणि ते ‘काहीच’ तिने त्याच दुपारी ऐकलं होतं, लाल दिवा लावल्यावर.

५

ती वर गेली तेव्हा धाकटी आईचे केस विंचरत होती.

"झाली का कॉपी? लाव ना मग."

ताई आईकडे बघत होती. आईचा उजवा हात गादीवरून किंचित उचललेला, पंजा कानाजवळ. दीड महिना सगळ्यांना वाटत होतं, हात आखडलाय. पण हेडफोन कानावर घट्ट धरावा, तसा तो हात होता. आणि डोळे कोपऱ्यात लागलेले. ताईने मान वळवून पाहिलं. कोपऱ्यात प्राणवायूचं मशीन घरघरत होतं आणि त्याच्यावर एक बारीक लाल दिवा होता.

"हे मशीन कधी आणलं?"

"दीड महिना झाला की. साधा खोकला होता तेव्हा. आणि मेलं त्या दिवसापासूनच तिचं हे सुरू झालं." धाकटी फणी थांबवून म्हणाली. "मी त्या दिव्यावर चिकटपट्टीसुद्धा लावून बघितली. सारखी तिकडेच बघते म्हणून. काही फरक नाही."

"नसणारच," ताई म्हणाली. "दिवा गेला तरी हलायचं नाही."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. तिलाही ते वाक्य पाठ होतं.

ताई आईच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "मोकळं." आईच्या पापण्या हलल्या. काचेपलीकडून कुणी बोलावं, ओठ दिसावेत आणि शब्द पोचू नये, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. मग तिने पुन्हा श्वास धरला.

"ताई, काय करतेयस तू? मला भीती वाटतेय."

"मलाही," ताई म्हणाली. "मी खाली जाते. तू तिचा हात धरून बस. आणि काही झालं तरी तिला एकटं सोडू नकोस."

ती जिना उतरू लागली. शब्द तर म्हणायचाच होता, एकतीस वर्षं उशीर झाला होता. पण मोकळी झालेली आई राहील का जाईल, हे तिला कुणी सांगणार नव्हतं.

६

तिने लाल दिवा लावला. नववा चॅनल वर. खोली गप्प झाली, आणि या वेळी ताईला ती गप्प बसण्याची पद्धत ओळखू आली. तिने टॉकबॅकचं बटण दाबलं. बाबा म्हणायचे तसं म्हणायला हवं होतं, हुकूम दिल्यासारखं नाही. ताट बघून झाल्यावर म्हणायचे तसं.

"मोकळं," ती म्हणाली.

स्पीकरमधून एक श्वास सुटला. लांब, थरथरता, संपता संपेना असा. त्याच्या पाठोपाठ स्टूल कुरकुरलं. तेच, निर्लज्ज, गेटपर्यंत जाणारं.

दुपारचं ऊन पाठीमागून काचेवर पडलं होतं, त्यामुळे काचेत ताईला स्वतःचाच चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यामागे, लाल उजेडात, काहीतरी बसल्या जागेवरून उंच होत गेलं. तिने डोळे टेबलावर खिळवले. पट्टीवरच्या ‘आई’ या अक्षरांवर.

"कसं झालं गं?" नवव्या चॅनलवरून आवाज आला. "की अजून एक घेऊ या?"

‘हो’ नाही, ‘गं’. बाबांना नाही, तिला विचारलं होतं. त्या दुपारी तिलाच विचारायचं राहिलं होतं.

अजून एक. ताईच्या ओठांवर ते शब्द आलेच. एवढं म्हटलं असतं की तो आवाज पुन्हा सुरू झाला असता. समोर, जिवंत, टेपवर नाही. दोन ओळींच्या मधला तो श्वास पुन्हा ऐकू आला असता. तिने मागितलं असतं तर आई नाही म्हणाली नसती, कधीच म्हणाली नव्हती. पुन्हा स्टुलावर बसली असती, पुन्हा श्वास धरला असता. ताईला रडू फुटलं. वर धाकटी जो हात धरून बसली होती तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता.

तिने बटण दाबलं. "हेच ठेवू, आई," ती म्हणाली. "फार छान झालं."

"बरं," आवाज म्हणाला. किती साधं म्हणाला.

पावलं. आतल्या दाराचं रबर सुटल्याचा आवाज. मग लाल दिवा जळत असतानाही खोलीत हवा परत आली, चिमणी आली, मशीनची घरघर आली. जिन्यावर कुणीतरी सावकाश चढत गेलं. ताई खुर्चीतून उठली नाही. तिने पेन्सिल घेतली आणि टेपच्या डब्यावर, ‘निकाल’ या रकान्यात, लिहिलं: ठेवलं.

थोड्या वेळाने धाकटी खाली आली. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"गेली," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. "इतका मोठा श्वास सोडला ताई, डोक्यावरचा हंडा उतरवल्यावर सोडतात ना, तसा. आणि हसली. कित्येक वर्षांत अशी हसली नव्हती. बरं झालं तू तेवढ्यात वर आलीस. तुला बघूनच हसली ती."

ताईने तिच्याकडे पाहिलं.

"दारातच का थांबलीस पण?" धाकटी डोळे पुसत म्हणाली. "मी आईचा हात सोडून मागे वळले नाही, तू सोडू नको म्हणालीस म्हणून. समोरच्या आरशात अंधूक तेवढं दिसलं. तो जुना हेडफोनसुद्धा तसाच कानांवर घालून आलीस, वेडे."

ताईने काचेतून आत पाहिलं. माइक होता, स्टूल होतं. स्टँडचा आकडा रिकामा होता.

"हो," ती म्हणाली. "घाईत काढायचा राहिला."

मग तिने धाकटीला जवळ घेतलं, आणि तिच्या खांद्यावरून हात लांब करून आधी स्पीकर, मग मशीन, शेवटी टेबल बंद केलं.